एकच नाव, दोन पत्ते

क्रॉस-कंपायलर एका यंत्रावर बसून दुसऱ्याच प्रोसेसरसाठी प्रोग्राम तयार करतो. आजचा प्रश्न साधा आहे: त्याची अवजारं डिस्कवर ठेवायची कुठे?

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी प्रसिद्ध केला. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या सिग्नस कंपनीने तो गिऱ्हाइकांच्या नाना प्रोसेसरांसाठी तयार करून दिला. आता एकाच संगणकावर अनेक असेंबलर आले आणि सगळ्यांचं नाव 'एएस'!

तोडगा दुहेरी निघाला. सामायिक 'बिन' फोल्डरमध्ये लांब नाव: 'आर्म-नन-ईएबीआय-एएस'. शिवाय 'आर्म-नन-ईएबीआय' नावाचा वेगळा फोल्डर, त्यात स्वतःचा 'बिन', आणि तिथे तेच अवजार नुसतं 'एएस'. पलटणीच्या आवारात 'सुभेदार मेजर साहेब' म्हटलं की पुरतं. रेल्वे स्टेशनवर पलटणीचं नावही सांगावं लागतं.

खरं भाषांतर करणारा 'सीसी१' आपण हाताने चालवत नाही. २००४ च्या ३.४ आवृत्तीपासून तो 'लिबएक्झेक'मध्ये राहतो, प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळा.

या शिस्तीचं मोल ती मोडल्यावर कळतं. जीसीसीला स्वतःच्या घरात 'एएस' सापडला नाही, तर तो यजमान यंत्राचा उचलतो. आर्मचा कोड इंटेलच्या असेंबलरपुढे जातो आणि चुकांची रांग लागते. नवशिका आपल्या प्रोग्राममध्ये दोष शोधत बसतो.

म्हणून आधी 'प्रिंट-प्रोग-नेम' हा पर्याय देऊन कंपायलरलाच विचारा. पूर्ण पत्ता आला तर उत्तम. नुसतं 'एएस' आलं, तर घर रिकामं आहे. जय हिंद.