विवाद्य प्रदेश आणि कोशकाराचे कर्तव्य

'गोव्यावर १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती' हे वाक्य संदर्भग्रंथांत हमखास आढळते. वाचणाऱ्यास ते निरुपद्रवी वाटते. परंतु आपल्या देवस्थानांचा इतिहास त्याच्याशी जुळत नाही.

सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या प्रदेशांत देवळांचा विध्वंस सुरू झाला, तेव्हा कुठ्ठाळीचा श्रीमंगेश प्रियोळास, केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचा श्रीरामनाथ बांदिवड्यास आला. आपल्या पूर्वजांनी देव घेऊन जुवारी ओलांडली, ती पैलतीरी पोर्तुगीजांचा हुकूम चालत नव्हता म्हणूनच. अंत्रुज तेव्हा आदिलशाहीत होते. पुढे १६७५ मध्ये शिवछत्रपतींनी फोंड्याचा किल्ला घेतला आणि १६८३ मध्ये त्याच किल्ल्याला पोर्तुगीजांनी घातलेला वेढा संभाजी महाराजांच्या काळी फसला. फोंडे पोर्तुगीजांच्या हाती लागले ते १७६३ मध्ये; पेडणे तर १७८८ मध्ये. म्हणजे फोंड्यावरील त्यांची सत्ता सुमारे दोनशे वर्षांचीच ठरते. संपूर्ण गोमंतक एकाच रंगाने रंगविणारा कोश देवांच्या त्या स्थलांतराचे कारणच पुसून टाकतो.

म्हणून आम्हांस असे वाटते की, विवाद्य वा परव्याप्त प्रदेशाविषयी लिहिताना कोशकाराने तीन गोष्टी पृथक् सांगाव्यात: प्रत्यक्ष ताबा कोणाचा, हक्क कोण सांगतो आणि त्या हक्कास मान्यता कोणाची. प्रत्येकीपुढे तारीख असावी. या तिन्हींची सरमिसळ झाली की एका पक्षाची परिभाषा नकळत सत्य म्हणून छापली जाते.

पोर्तुगालने १९५१ मध्ये घटना बदलून आपल्या वसाहतींस 'सागरपार प्रांत' म्हणावयास आरंभ केला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५ डिसेंबर १९६० च्या ठरावात गोवा व तत्संबद्ध प्रदेशांची गणना अस्वशासित प्रदेशांतच केली. त्या काळाविषयी नुसते 'प्रांत' असे लिहिणारा ग्रंथ तटस्थ राहत नाही. तो निकाल देऊन मोकळा होतो. कोणी, केव्हा, काय म्हटले हे त्याने नोंदवावे.

दादरा व नगर हवेलीचे प्रकरण याहून बिकट आहे. १९५४ मध्ये तेथील पोर्तुगीज अंमल संपला, परंतु भारतात विलीनीकरण ११ ऑगस्ट १९६१ रोजी झाले. मधली सात वर्षे कारभार स्थानिक पंचायतीकडे होता. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी निर्णय दिला: खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांपुरता १९५४ मध्ये पोर्तुगालला मार्गाचा हक्क होता, सैन्य व शस्त्रास्त्रे यांसाठी नव्हता, आणि भारताने आपले दायित्व मोडलेले नव्हते. एका रंगात ही हकीकत मावत नाही; तळटीप द्यावीच लागते.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये. या दोन्ही तारखा कोशात हव्यात. दुसरी लिहिल्याने पहिलीस उणेपणा येत नाही.

येथवर आमचे म्हणणे वाचकांस सहज पटेल, कारण ते आपल्या मनाजोगे आहे. खरी कसोटी पुढेच आहे. बेळगाव १९५६ पासून कन्नडभाषक राज्याच्या, म्हणजे पूर्वीच्या म्हैसूरच्या आणि आजच्या कर्नाटकाच्या, प्रशासनात आहे. महाराष्ट्राने आपला हक्क सोडलेला नाही, आणि २००४ मध्ये त्याने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तेथील मराठी माणसाची वेदना आम्ही जाणतो. तथापि आपण कोश रचू तेव्हा पहिले वाक्यही लिहिले पाहिजे आणि दुसरेही. इच्छा ही इच्छा म्हणून नोंदवावी, वस्तुस्थितीच्या रकान्यात घालू नये. एरव्ही 'सागरपार प्रांत' लिहिणाऱ्यास दोष देण्याचा अधिकार आपल्याकडे उरणार नाही.

आपल्या देवस्थानांच्या दप्तरांत मूळ गाव आणि आजचे स्थान ही दोन्ही नावे शेजारी-शेजारी लिहिलेली आढळतात. एकाने दुसरे खोटे ठरत नाही. कोशकाराने तेवढाच पाठ गिरवावा, ही आमची विनंती आहे.