नाचणीला मोड आणताना

मोड आलेल्या मटकीची उसळ आपल्या परिचयाची आहे. मात्र नाचणी, गहू यांसारख्या तृणधान्यांनाही घरच्या घरी मोड आणता येतात आणि बाळाच्या आहारात ती विशेष उपयुक्त ठरतात.

सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाबरोबरच बाळाला वरचे अन्न लागते. साध्या पिठाची पेज शिजताना घट्ट होते. ती पातळ करण्यासाठी पाणी वाढवले, की इवल्याशा पोटात पाणीच अधिक जाते. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज हे विकर वाढते. ते पिष्टाचे विघटन करते. त्यामुळे जास्त पीठ घालूनही पेज पातळ राहते आणि प्रत्येक चमच्यातून अधिक पोषण मिळते. शिवाय फायटिक आम्ल घटल्याने लोह व जस्त यांचे शोषण सुधारते.

नाचणी निवडून तीन-चार पाण्यांनी धुवावी व ८ ते १२ तास भिजवावी. पाणी पूर्ण निथळून ती स्वच्छ, ओलसर फडक्यात सैल बांधावी. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका मारावा. उन्हाळ्यात साधारण एका दिवसात मोड दिसतात. थंडीत अधिक वेळ लागतो. मोड आलेली नाचणी वाळवून मंद आचेवर भाजावी, चोळून मोड झाडावेत आणि दळून पीठ चाळून घ्यावे. फार भाजल्यास विकर निकामी होते. पीठ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. मोडांना मानवणारी ऊब व ओल जीवाणूंनाही मानवते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांशी संबंधित ई. कोलाय जीवाणूंच्या साथीत ५०हून अधिक जण दगावले. म्हणून लहान मुले, गर्भवती व वृद्ध यांना कच्चे मोड देऊ नयेत. पेजही नीट शिजवावी. आंबूस वास, चिकटपणा किंवा बुरशी आढळल्यास धान्य टाकून द्यावे. पेरणीच्या बियाण्यांना बहुधा कीडनाशक लावलेले असते. ते कधीही वापरू नये. ज्वारीच्या कोवळ्या मोडांत सायनाइड निर्माण करणारे धुरिन हे द्रव्य असते. म्हणून ज्वारीचे मोड कच्चे खाऊ नयेत आणि घरगुती प्रयोगासाठी नाचणी किंवा गहूच निवडावा.