अंजनाचें गोत्र

यावल किंवा चोपडा मागें टाकून उत्तरेस सातपुड्याकडे चालूं लागलें म्हणजे तापीकांठची काळी जमीन व केळीचे मळे हळूहळू संपतात आणि पायाखालीं खडक लागतो. त्या खडकांतून पांढुरक्या सालीचीं, बारीक व खालीं झुकलेल्या डहाळ्यांचीं झाडें उभीं राहिलेलीं दिसूं लागतात. हाच खानदेशचा अंजन. सागाला बाजार आहे, मोहाला घरोघर मान आहे. अंजनाचें नांव मात्र जंगलाबाहेर फारसें कोणी घेत नाहीं. वास्तविक सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर जेथें इतर झाडें तग धरीत नाहींत, तेथें हा एकटाच रान करून राहतो. ह्याचें रोप प्रथम मूळ खोल उतरविण्यांतच आपली शक्ति खर्च करतें. वर वीतभर अंकुर दिसत असतां खालीं मुळी खडकाच्या भेगा शोधीत बरीच दूर गेलेली असते.

ह्याचें पोटलांकूड काळसर तांबडें, आणि इतकें जड कीं पाण्यांत टाकलें तर बुडतें. हिंदुस्थानांतील अतिशय कठीण लांकडांत त्याची गणना होते. अंतर्सालीच्या वाखाचे दोर वळतात. पाला गुरें आवडीनें खातात, आणि अवर्षणाच्या सालीं गवत संपलें म्हणजे हा पालाच कामास येतो. इतका उपकारी वृक्ष. परंतु तो नेमका कोण, त्याचे सगेसोयरे कोण, हें ठरावयास दोनशें वर्षें लागलीं. त्या शोधाची हकीकत येथें सांगावयाची आहे.

पहिली अडचण नांवाचीच. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, महाबळेश्वराकडे, ज्याला अंजन किंवा अंजनी म्हणतात तो वृक्ष अगदींच निराळा. तो सदाहरित पर्जन्यवनांतला. पानें जाड, चकचकीत व समोरासमोर. फुलें गर्द निळीं, फांदीला चिकटून झुबक्यांनीं येणारीं. वनस्पतिशास्त्रांत तो मेमेसिलॉन. लांकूड दोघांचेंही कठीण. एवढ्या साम्यावर दोघांना एकच नांव मिळालें असेल काय, असा तर्क मनांत येतो. उत्तर हिंदुस्थानांत तर अंजन नांवाचें एक गवतही आहे. गोविंदाग्रजांच्या महाराष्ट्रगीतांत अंजनाचा उल्लेख येतो, तेव्हां पुणें-साताऱ्याच्या वाचकापुढें निळीं फुलें उभीं राहतात, आणि रावेरच्या वाचकापुढें तांबूस चैत्रपालवीचा उंच वृक्ष. काव्यांत ह्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु बीं मागवावयाचें झालें, किंवा रोपें लावावयाचीं झालीं, कीं नांवाच्या ह्या घोटाळ्याची किंमत मोजावी लागते.

हा घोटाळा टाळण्यासाठींच स्वीडनच्या लिनीअसनें १७५३ सालीं प्रत्येक वनस्पतीस वंश व जाति अशीं दोन नांवें देण्याची पद्धत रूढ केली. वर्गीकरणासाठीं त्यानें धरलेली खूण फार सोपी होती: फुलांतील पुंकेसर मोजावे. सह्याद्रीच्या अंजनींत ते आठ, म्हणून ती अष्टकेसरी वर्गांत. खानदेशच्या अंजनांत ते दहा, म्हणून तो दशकेसरी वर्गांत. दोन अंजन निराळे आहेत हें एवढ्यानेंच सिद्ध झालें, हा त्या पद्धतीचा गुण खरा.

आपल्या अंजनाला शास्त्रीय नांव दिलें तें विल्यम रॉक्सबरो ह्यानें. मद्रास इलाख्यांत सर्जन म्हणून आलेला हा स्कॉटिश गृहस्थ पुढें १७९३ पासून १८१३ पर्यंत कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचा अधिकारी होता. कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या त्याच्या सचित्र ग्रंथांत १८११ सालीं ‘हार्डविकिया बिनाटा’ हें नांव प्रथम छापलें गेलें. पहिला शब्द बंगालच्या तोफखान्यांतील सृष्टिज्ञ अधिकारी टॉमस हार्डविक ह्याच्या सन्मानार्थ. दुसरा पानाच्या जोडीवरून. रॉक्सबरोनें अडीच हजारांहून अधिक चित्रें काढविलीं, आणि तीं काढणारे बहुतेक चित्रकार एतद्देशीय होते. त्यांचीं नांवें मात्र आज जवळजवळ लुप्त झालीं आहेत.

पानाची ही जोडी नीट पाहण्यासारखी आहे. एका देंठाच्या टोकाला मूत्रपिंडाच्या आकाराच्या दोन पर्णिका समोरासमोर, आणि दोहोंच्या मधोमध एक सूक्ष्म केसासारखें टोंक. दुरून पाहणाराला हें दसऱ्याचें आपट्याचें पानच वाटावें. परंतु आपट्याचें पान एकच असून टोंकाशीं दुभंगलेलें असतें. अंजनाचीं दलें बुडापासूनच स्वतंत्र. (आपट्याच्या वंशाला ‘बाउहिनिया’ हें बाउहिन ह्या दोघां वनस्पतिज्ञ बंधूंवरून पडलेलें नांव लिनीअसनें रूढ केलें, एका पानांत दोन भाऊ पाहणारा हा पंडित अगदींच अरसिक नसावा.) अंजनाचीं फुलें पावसाळ्यांत येतात, तीं अतिशय लहान, फिकट पिंवळीं, पाकळ्यांवांचून. तीं कोणाच्या डोळ्यांत भरत नाहींत, आणि गोत्र तर फुलांतच लिहिलेलें असतें.

इकडे मुंबई इलाख्यांत हें काम जरा उशिरां सुरू झालें. अलेक्झांडर गिब्सन १८४७ सालीं इलाख्याचा पहिला वनाधिकारी झाला. त्याचा व डॅल्झेल ह्याचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्यें निघाला. खानदेशचें सरकारी गॅझेटिअर १८८० चें. पुढें पुण्याच्या सायन्स कॉलेजांत प्रिन्सिपॉल असलेले थिओडोर कुक ह्यांनीं १९०१ पासून आपली ‘फ्लोरा’ भागाभागांनीं छापली, आणि टालबट ह्या वनाधिकाऱ्यानें १९०९ व १९११ सालीं इलाख्याच्या वनवृक्षांचा सचित्र ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध केला. कुक ह्यांचीं वर्णनें आजही अभ्यासकांस उघडावीं लागतात. परंतु ह्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर सातपुड्याच्या कोणा भिल्लाचें वा पावऱ्याचें नांव नाहीं. आणि रानांत कोणतें झाड कोठें उभें आहे व कधीं फुलतें हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? ह्यापूर्वीं सव्वादोनशें वर्षें मलबारांत डच गव्हर्नर व्हान रेडे ह्यानें ‘होर्तुस मलबारिकुस’ सिद्ध केला. त्याच्या १६७८ च्या पहिल्या खंडांत इट्टी अच्युतन् ह्या वैद्याचें नांव आहे, आणि रंगभट, विनायक पंडित व आपुभट ह्या तिघां कोंकणी ब्राह्मणांचा नागरी लिपींतला दाखलाही छापलेला आहे. डचांना जें सुचलें तें आमच्या इलाख्यांत कोणास सुचलें नाहीं, ह्याचें वाईट वाटतें.

आतां गोत्राकडे वळूं. रॉक्सबरोनें ह्याच वंशांत दुसऱ्या एका वृक्षास स्थान दिलें होतें: हार्डविकिया पिनाटा. हा दक्षिण सह्याद्रीच्या पर्जन्यवनांत, कर्नाटक-केरळाच्या ओल्या घाटांत वाढणारा प्रचंड सदाहरित वृक्ष. त्याच्या एका पानाला दोन नव्हे, अनेक पर्णिका. खोडांतून तेलकट राळ पाझरते, म्हणून कानडींत त्याला ‘एण्णेमर’, म्हणजे तेलाचें झाड, म्हणतात. एक भाऊ सातपुड्याच्या तापलेल्या खडकावर, दुसरा बारमाही दमट अंधारांत! हार्म्स ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ सालीं हें एकत्र कुटुंब मोडलें, आणि पर्जन्यवनांतल्या भावास कलकत्त्याच्या जॉर्ज किंग ह्यांच्या नांवानें ‘किंगिओडेंड्रॉन’ असा स्वतंत्र वंश दिला. वेगळे चुलीचे झाले, तरी ते नातलग आहेत ह्याबद्दल पुढें कोणीं वाद केला नाहीं.

अंजनाचा सर्वांत जवळचा सोयरा मात्र समुद्रापलीकडे निघाला. दक्षिण आफ्रिकेंत लिंपोपो व झांबेझी ह्या नद्यांच्या कोरड्या खोऱ्यांत मोपाने नांवाचा वृक्ष मैलोगणती पसरलेला आहे. त्याचें पानही दुदळी, पंख मिटणाऱ्या फुलपांखरासारखें, फूल पाकळ्यांवांचून, लांकूड तसेंच कठीण. परंतु त्याचे पुंकेसर वीस-पंचवीस. लिनीअसच्या हिशेबानें हे दोघे एका पंक्तीस बसूच शकत नाहींत. लेओनार ह्यानें १९४९ सालीं मोपानेला ‘कोलोफोस्पर्मम’ हा स्वतंत्र वंश दिला होता. १९९७ सालीं ब्रेटेलर ह्या डच शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं तो मोडून मोपानेला थेट आपल्या हार्डविकियांत आणलें. लेओनारनें त्यास १९९९ सालीं उत्तर दिलें. आज हे दोन वंश निरनिराळेच मानतात, पण एकमेकांच्या अगदीं शेजारीं. आम्हांस हा निवाडा पटतो. सोयरीक मानावयाची, पण त्यासाठीं आडनांव बदलावयाचें कारण नाहीं.

शेवटचा धक्का २०१७ सालीं बसला. जनुकांच्या तपासणीवरून जगांतील शेंगवर्गीय वनस्पतींच्या अभ्यासकांनीं ह्या सबंध कुलाची सहा उपकुलांत नवी वांटणी केली. तींत आपटा एका उपकुलांत गेला, बहावा व बाभूळ दुसऱ्यांत, आणि अंजन ज्या तिसऱ्यांत राहिला त्यांत त्याच्या सोबतीस कोण आहे? गांवच्या वेशीवरची चिंच, आणि सीतेचा अशोक! लिनीअसनें चिंचेला तीन पुंकेसरांवरून भलत्याच वर्गांत टाकलें होतें, आणि आपटा व अंजन ह्यांच्या वंशांचे पुंकेसर दहा-दहा म्हणून ते एकाच वर्गांत पडत होते. पानही त्या दोघांचेंच जुळत होतें. केसर खोटे ठरले, पानही खोटें ठरलें.

पर्जन्यवनांतला किंगिओडेंड्रॉन आज जगाच्या संकटग्रस्त वृक्षांच्या यादींत आहे. खानदेशचा अंजन अद्याप तेथवर आलेला नाहीं. यावलच्या रानास १९६९ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे. पण अंजनाला भरपूर बीं दरवर्षीं येत नाहीं. मध्यें कांहीं वर्षें जवळजवळ रिकामीं जातात. ज्या वर्षीं तें येतें त्या वर्षीं वैशाखाच्या झळांबरोबर पापडासारख्या चपट्या शेंगा, टोंकाशीं एकेक बीं घेऊन, गिरक्या घेत दूर जाऊन पडतात. त्याच दिवसांत रानाला वणवेही लागतात, आणि पाल्यासाठीं डहाळ्याही छाटल्या जातात. त्यांतून जें बीं वांचतें तें पहिल्या पावसांत रुजतें, आणि वरतीं दोन दळें उघडण्याआधींच त्याची मुळी खडकांत उतरूं लागलेली असते.