कूपर ब्लॅक : जाड अक्षरांचा एक इतिहास

कूपर ब्लॅक हा रोमन लिपीतला टाइप शिकागोच्या ‘बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर’ या टाइप फाउंड्रीने १९२२ साली विक्रीस आणला. मथळे, जाहिराती आणि पाट्या यांच्यासाठीच तो घडवलेला होता. पानभर मजकूर त्यात जुळवला जाईल, अशी अपेक्षा कोणाचीच नव्हती. रेषा अतिशय जाड, टोके गोल आणि अक्षरांच्या आतल्या पोकळ्या अगदी अरुंद, ही त्याची ओळख.

त्याचा कर्ता ऑस्वल्ड कूपर याचा जन्म १८७९ मध्ये ओहायो राज्यात झाला आणि बालपण कॅन्सासमध्ये गेले. चित्रकार होण्यासाठी तो शिकागोला आला. फ्रँक होम यांच्या चित्रशाळेत शिकताना चित्रांपेक्षा अक्षरांवर त्याचा हात अधिक बसतो, हे दिसून आले. तिथे अक्षरलेखन शिकवत होता फ्रेडरिक गाउडी. पुढे अमेरिकेतला सर्वांत नामवंत टाइपकार म्हणून तो ओळखला गेला. १९०४ मध्ये कूपरने फ्रेड बर्ट्शबरोबर ‘बर्ट्श अँड कूपर’ ही संस्था काढली. जाहिरातींचा मजकूर हाताने रेखाटून देणे हे कूपरचे रोजचे काम होते, आणि कूपर ब्लॅकचे मूळ तिथेच आहे. त्याच्या अक्षरांत पट्टी-कंपासची शिस्त नाही, हाताची सहजता आहे.

ही हस्ताक्षरे पाहूनच फाउंड्रीने त्याला टाइप घडवायला सांगितले. १९१९ च्या सुमारास ‘कूपर ओल्ड स्टाइल’ हे मध्यम जाडीचे वळण आले. जाहिरातदारांना मात्र दुरून नजरेत भरणारे ठसठशीत अक्षर हवे होते, म्हणून त्याचीच जाड आवृत्ती काढायचे ठरले.

जाड अक्षरे त्यापूर्वीही होती. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या फाउंड्र्यांनी जाहिरातींसाठी ‘फॅट फेस’ म्हणून ओळखले जाणारे टाइप ओतले होते. त्यांत उभी रेषा भरभक्कम, तर आडवी केसासारखी बारीक असे. ते लक्ष वेधून घेत, पण त्यांचे रूप करकरीत आणि काहीसे दरडावणारे होते. कूपरने वेगळी वाट धरली. त्याने जुन्या पुस्तकी वळणाचा सांगाडा कायम ठेवला आणि त्यावर सगळीकडून मांस चढवले. जाड आणि बारीक रेषांतला फरक त्यामुळे जवळजवळ मिटला. जुन्या पुस्तकी टाइपांतल्याप्रमाणे ‘O’ची पोकळी डावीकडे कललेली राहिली, आणि अवजड अक्षरालाही थोडी हालचाल मिळाली.

खरे कसब अक्षरांच्या पायांत आहे. नेहमीच्या टाइपात ‘H’चे पाय सपाट असतात आणि ‘O’ची गोलाई आधाररेषेच्या किंचित खाली उतरवावी लागते, तसे न केल्यास ती डोळ्याला लहान वाटते. कूपर ब्लॅकमध्ये सपाट तळ जवळजवळ नाहीतच. प्रत्येक पाय गोल असल्यामुळे सगळी अक्षरे एकाच घरातली वाटतात. ‘p’, ‘g’ यांच्या खाली लोंबणाऱ्या शेपट्या आखूड ठेवल्यामुळे दोन ओळी एकमेकींच्या अगदी जवळ आणता येत. इतक्या जाडीचे अक्षर धाक न घालता आपुलकीचे वाटते, याचे श्रेय या गोलाईला द्यायला हवे.

जुन्या वळणाच्या मुद्रकांना हा काळा भार रुचला नाही. कूपरने त्यांना दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे : ज्यांचे ग्राहक जवळच्या नजरेचे आहेत, अशा दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी हा टाइप आहे. विक्री जोरात झाली आणि नकला निघू लागल्या. अमेरिकेच्या कायद्यात टाइपच्या आकारांना कॉपीराइटचे संरक्षण नसल्याने प्रतिस्पर्ध्यांना फारशी आडकाठी नव्हती. मोनोटाइप कंपनीने तर खुद्द गाउडीकडूनच ‘गाउडी हेवीफेस’ करून घेतला. शिष्याच्या यशाला गुरूकडून तोड शोधावी लागली. १९३३ मध्ये बार्नहार्ट फाउंड्री बंद झाली आणि तिचे टाइप ‘अमेरिकन टाइप फाउंडर्स’कडे राहिले. कूपर १९४० मध्ये वारला.

त्याच्या टाइपाचा सर्वांत मोठा बहर मात्र त्यानंतर, १९६० आणि १९७० च्या दशकांत आला, आणि त्याला तंत्र कारणीभूत होते. शिशाच्या खिळ्यांत प्रत्येक अक्षर आपल्या चौकोनी ठोकळ्यावर बसलेले असते, त्यामुळे दोन अक्षरांत किमान अंतर राहतेच. फोटोटाइपसेटिंगमध्ये अक्षर म्हणजे नुसती प्रतिमा. ती शेजारणीला खेटून, प्रसंगी तिच्यावर चढवूनही बसवता येऊ लागली. लेट्रासेटच्या घासून उमटवायच्या कागदांनी हीच मुभा छोट्या स्टुडिओंना दिली. गुबगुबीत गोल अक्षरे अशी दाटीवाटीने बसली की शब्दाचा एकच आकार होतो, आणि कूपर ब्लॅक तिथे सर्वाधिक खुलतो. ‘बीच बॉइज’च्या ‘पेट साउंड्स’ (१९६६) या अल्बमचे मुखपृष्ठ हे याचे ठळक उदाहरण. बीबीसीच्या ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेचे नाव आणि ‘नॅशनल लँपून’ मासिकाचे शीर्षकही याच टाइपात होते. इस्त्रीने टी-शर्टवर चिकटवायच्या अक्षरांतही तो घरोघरी पोहोचला.

संगणकावर तो मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर आला आणि ज्यांनी टाइप फाउंड्रीचे नावही ऐकले नव्हते, अशा लोकांच्या हाती पडला. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘इझीजेट’ या स्वस्त विमानसेवेने नारिंगी रंगावर पांढऱ्या कूपर ब्लॅकमध्ये आपले नाव लिहिले. कमी भाड्याच्या प्रवासाला हे निगर्वी अक्षर शोभले.

वापरताना त्याच्या मर्यादा सांभाळाव्या लागतात. लहान आकारात ‘a’ आणि ‘e’च्या पोकळ्या शाईने बुजतात. सगळा मजकूर कॅपिटल अक्षरांत लिहिला, तर लहान अक्षरांच्या चढउतारामुळे येणारी लय हरवते आणि ओळ जड पडते. अक्षरे दूरदूर ठेवली, तर शब्द सुटा होतो. चार-पाच शब्द, मोठा आकार आणि दाट जुळणी एवढ्यात त्याला बसवले, तर तो आजही ताजा दिसतो.