पीळ: बारा इंच की दहा?

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. रायफलच्या नळीचंही तसंच आहे. लाकडी दस्ता बदलता येतो, दुर्बीण बदलता येते, ट्रिगर हलका करून घेता येतो, पण नळीत एकदा जो पीळ पडला तो पडला. नळी झिजून भंगारात जाईपर्यंत तोच. आजची गोष्ट या पिळाची आहे. १९५५ साली रेमिंग्टन या जुन्या अमेरिकन कंपनीने आपल्या एका नव्या रायफलला किती पीळ द्यायचा ते ठरवलं. गणित बरोबर होतं, माल चांगला होता, आणि तरी आठ वर्षांत नाव बदलून त्याच काडतुसाला पुन्हा बाजारात आणायची पाळी आली.

विषय जरा आडवाटेचा आहे, तेव्हा आधी थोडी तोंडओळख. नळीच्या आत स्क्रूच्या आट्यांसारख्या तिरप्या खाचा असतात. गोळी त्यांतून जाताना गिरकी घेते आणि भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. ही गिरकी नसेल तर समोरची हवा तिला उताणी पाडते, कारण हवेचा दाब गोळीच्या गुरुत्वमध्याच्या पुढे, नाकाकडे लागतो. गोळी जितकी लांबुडकी तितकं तिला पाडणं सोपं, म्हणून तितकी जास्त गिरकी हवी. नळीत किती इंचांत एक पूर्ण फेरा होतो तो तिचा पीळ. 'एकास बारा' म्हणजे बारा इंचांत एक फेरा. आकडा लहान तर पीळ जास्त, हे मात्र डोक्यात पक्कं ठेवा, नाहीतर पुढे सगळा घोळ होईल.

या आकड्याचा इतिहास आपल्याला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. १८५३ ची एनफील्ड रायफल, जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ साली आपल्याकडे काय पेटलं ते आपण शाळेत शिकलोय, तिचा पीळ होता ७८ इंचांत एक. नळी ३९ इंचांची. म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत जेमतेम अर्धा फेरा! जाड, बुटक्या गोळीला तेवढा पुरत होता. त्याच सुमारास जोसेफ व्हिटवर्थने (हो, वर्कशॉपमधले व्हिटवर्थ आटे ज्याच्या नावाचे, तोच) षटकोनी भोकाची बारीक नळी बनवली आणि तिला पीळ दिला २० इंचांत एक. बारीक आणि लांब गोळीला तो लागतच होता. १८५७ च्या चाचण्यांत एनफील्डने १४०० यार्डांवर दम सोडला, व्हिटवर्थची रायफल २००० यार्डांवरही निशाणाला लागली. १८६० साली विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन व्हिक्टोरिया राणीने याच रायफलने केलं. रायफल आधीच लोखंडी टेकूवर बसवून ठेवली होती, राणीसाहेबांनी फक्त दोरी ओढली. फौजेने मात्र ती घेतली नाही. महाग होती आणि बारूदच्या काजळीने लवकर तुंबायची.

यामागचं गणित सोपं करून दिलं ते आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिलने. वुलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणारा हा माणूस. १८७९ चं त्याचं सूत्र अजून वापरात आहे: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी, सगळं इंचांत. वेगवान गोळीसाठी १५० च्या जागी १८० धरतात. २००५ साली डॉन मिलरने वजन, वेग वगैरे धरून याहून चांगलं सूत्र दिलं, पण पाठ्यपुस्तकाच्या मागच्या पानावर उत्तर काढायला ग्रीनहिल पुरतो. सूत्रात वजन नाही, लांबी आहे, हे लक्षात घ्या. दुकानात सगळे वजनावरून बोलतात, नळी मात्र लांबी बघते.

मग सरळ भरपूर पीळ देऊन मोकळं का होऊ नये? कारण कुठलीही गोळी शंभर टक्के समतोल नसते. आवरण एका बाजूला केसाइतकं जाड असलं तरी वजनाचा मध्य जरा सरकतो, आणि गिरकी जितकी जास्त तितकी ही खोट निशाणावर मोठी होऊन दिसते. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रँकलिन मान या डॉक्टरने घराजवळ काँक्रीटचा खांब उभारून, त्याच्यावर नळी बसवून वर्षानुवर्षं हेच तपासलं आणि १९०९ साली त्यावर जाडजूड पुस्तक काढलं. सेकंदाला ३००० फूट वेगाची गोळी एकास बारा पिळातून मिनिटाला १,८०,००० फेरे घेत निघते. आपल्या जुन्या हार्डडिस्कचे फेरे ७२००. पंचवीसपट! म्हणून निशाणेबाजांचा जुना नियम असा की पुरेसा असेल तेवढाच पीळ घ्या, वर एक इंचही नको.

आता १९५५. अमेरिकेत तेव्हा 'व्हार्मिंट' मारण्याचा शौक जोरात होता. व्हार्मिंट म्हणजे शेता-कुरणांत बिळं करणारे वुडचक, प्रेअरी डॉग असले उपद्रवी प्राणी. लहान जनावर, लांबचं अंतर, त्यामुळे हा प्रकार शिकारीपेक्षा नेमबाजीच्या जवळ जातो. रेमिंग्टनचा इंजिनियर माइक वॉकर स्वतः पट्टीचा नेमबाज. १९५० साली त्याने केलेलं .२२२ रेमिंग्टन हे एकास चौदा पिळाचं काडतूस निशाणेबाजांनी डोक्यावर घेतलं होतं. त्या यशानंतर कंपनीने सहा मिलिमीटरचं .२४४ रेमिंग्टन काढलं. मूळ कल्पना फ्रेड हंटिंग्टन या हौशी कारागिराची. पीळ ठेवला एकास बारा, आणि गोळ्या दिल्या ७५ आणि ९० ग्रेनच्या. (ग्रेनला घाबरू नका. ब्रिटिशांनी आपला तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता, म्हणजे ९० ग्रेन बरोबर अर्धा तोळा.)

ग्रीनहिलला विचारून बघू. व्यास ०.२४३ इंच, त्याचा वर्ग गुणिले १८० म्हणजे साधारण १०.६. गोळी ०.८५ इंच लांब धरली तर लागणारा पीळ साडेबारा इंच. एकास बारा त्यात बसतो. लांबी १.०५ इंच धरली तर उत्तर येतं दहा. म्हणजे वुडचकच्या आखूड गोळ्यांसाठी रेमिंग्टनने मानच्या शिकवणीप्रमाणे नेमका पुरेसा पीळ दिला होता. चूक काढायला जागाच नाही.

पण त्याच वर्षी विंचेस्टरने .२४३ विंचेस्टर आणलं. तीच सहा मिलिमीटरची गोळी, पीळ मात्र एकास दहा, आणि गोळ्या ८० व १०० ग्रेनच्या. ८० ची वुडचकला, १०० ची हरणाला. सामान्य अमेरिकन शेतकरी काही दोन रायफली घेत नव्हता. उन्हाळ्यात बिळवाले प्राणी आणि पानगळीत हरीण, दोन्हीला एकच रायफल मिळत असेल तर हवीच होती. आणि टोकदार १०० ग्रेनची गोळी .२४४ च्या नळीत भरवशाची राहत नाही, ही गोष्ट कर्णोपकर्णी पसरली. गंमत म्हणजे ९० आणि १०० ग्रेनमध्ये फरक किती? पाच-साडेपाच गुंजा! हरणाला तो कळलाही नसता. त्यात .२४४ च्या कवचात बारूद थोडी जास्तच मावत होती. पण गिऱ्हाईक कागदावरचा मोठा आकडा बघतं, आणि जे जमत नाही असं ऐकलंय ते कधी लागणार नसलं तरी त्याला टोचत राहतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही, सोमवारपासून पुन्हा तेच करायचंय.

१९६३ साली रेमिंग्टनने तेच काडतूस, कवचाच्या मापात काडीचा फरक न करता, '६ मिमी रेमिंग्टन' नावाने आणलं आणि रायफलला पीळ दिला एकास नऊ. उशीर झाला होता. .२४३ आजही जगभर विकलं जातं, आणि ६ मिमी रेमिंग्टनला जाणकारांच्या कौतुकावर भागवावं लागलं.

माझ्या मते रेमिंग्टनची खरी अडचण पुढच्या काळात जास्त उघडी पडली असती. गेल्या काही दशकांत लांब पल्ल्याच्या निशाणेबाजीसाठी १०५-११५ ग्रेनच्या सडपातळ, सव्वा इंच वा त्याहून लांब गोळ्या आल्या. त्यांना एकास आठ किंवा त्याहून जास्त पीळ लागतो, तिथे विंचेस्टरचा एकास दहाही तोकडा. दुसऱ्या टोकाला १९७५ चं ६ पीपीसी. शंभर-दोनशे यार्डांवर पाच गोळ्या एकाच भोकात घालण्याच्या स्पर्धेत ते अजूनही एकास चौदाच्या आसपास पिळाने वापरतात. व्यास तोच, गोळी आखूड. आणि पातळ आवरणाची व्हार्मिंट गोळी जास्त पिळाच्या नळीतून भरधाव सोडली तर गिरकीनेच तिच्या हवेत चिंध्या होऊ शकतात. त्यामुळे 'सगळ्याला चालेल असा पीळ' मागणाऱ्याला उत्तर एकच: गोळी आधी ठरवा.

आपल्याकडच्या नेमबाजांना हा घोर नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने कांस्य मिळवलं ते ५० मीटर रायफलमध्ये. तिथे .२२ ची ४० ग्रेनची एकच ठरलेली गोळी आणि पीळ ठरलेला, साधारण एकास सोळा. गोळी बदलत नाही, म्हणून पीळही बदलत नाही.

जुन्या .२४४ अमेरिकेत वापरलेल्या मालाच्या दुकानांत अजून दिसतात. त्यात ६ मिमी रेमिंग्टनची काडतुसं बिनधास्त बसतात, म्हणून घेणाऱ्याने नळीवरच्या शिक्क्यावर विसंबू नये, नळी मधे कधी बदललेलीही असू शकते. तपासायची रीत जुनी आहे. सफाईच्या मोकळी फिरणाऱ्या गजाला घट्ट चिंधी लावायची, गज नळीत घालून वरच्या बाजूला एक खूण करायची आणि सावकाश ढकलायचं. खूण एक पूर्ण फेरा घेऊन पुन्हा वर आली की गज किती आत गेला ते टेपने मोजायचं. नऊ इंच भरले तर १०० ग्रेनची गोळी खुशाल घ्या. बारा भरले तर ७५ ची.