हार्डवेअरमधील संरक्षण आणि संगणकाचा वेग : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्याच काळात माहितीच्या रक्षणासाठी यंत्राच्या घडणीतच भिंती उभारण्याचे प्रयत्नही होत होते. सॉफ्टवेअरने उभारलेले संरक्षण दुसऱ्या सॉफ्टवेअरला मोडता येते. म्हणून विश्वासाचा पाया प्रोसेसरमध्येच घालावा, हा त्यामागील विचार होय. परंतु अशी प्रत्येक भिंत ओलांडताना यंत्राचा वेळ खर्ची पडतो. हा खर्च किती होता आणि तो कोणी सोसला, यावरच त्या त्या संरक्षणाचे भवितव्य ठरत गेले, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

मल्टिक्सची वलये

एम.आय.टी., जनरल इलेक्ट्रिक व बेल लॅबोरेटरीज यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यास हाती घेतलेल्या मल्टिक्स प्रकल्पात एकाच यंत्रावर अनेक जण काम करणार होते. त्यामुळे प्रोग्रॅमना अधिकारानुसार एकाबाहेर एक अशा वलयांत ठेवण्याची कल्पना पुढे आली. जीई-६४५ या यंत्रात वलयांची सोय नव्हती. ती सॉफ्टवेअरने साधावी लागे व वलय ओलांडणे खर्चिक ठरे. मायकेल श्रोडर व जेरोम सॉल्टझर यांनी वलयांची हार्डवेअर-रचना १९७२ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९७३ च्या हनीवेल ६१८० यंत्रात आठ वलये प्रत्यक्ष हार्डवेअरमध्ये आली. वलय ओलांडण्याचा खर्च त्यामुळे बराच उतरला. संरक्षण आणि वेग हे नेहमीच परस्परविरोधी नसतात, हे यातून दिसते.

इंटेल ४३२ चा धडा

१९८१ मध्ये आलेल्या इंटेलच्या आयएपीएक्स ४३२ या प्रोसेसरने याहून पुढचे पाऊल टाकले. माहितीच्या प्रत्येक घटकाला हात लावण्यापूर्वी तसा अधिकार आहे की नाही, हे हार्डवेअर तपासत असे. हा प्रोसेसर अतिशय संथ ठरला आणि बाजारात अपयशी झाला. रॉबर्ट कोलवेल व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की, या संथपणाचा मोठा भाग कंपायलरच्या उणिवा व रचनेतील इतर निर्णय यांमुळे होता. तथापि, संरक्षण म्हणजे संथपणा ही समजूत तोवर रूढ झाली होती. १९८२ च्या ८०२८६ प्रोसेसरमध्ये अधिकाराच्या चार पातळ्या होत्या. इंटेलच्या या परंपरेतील प्रोसेसरांवर पुढे विंडोज एनटी व लिनक्स यांनी त्यांपैकी दोनच वापरल्या.

वेगाची छुपी किंमत

हेच कोलवेल पुढे १९९५ च्या पेंटियम प्रो प्रोसेसरच्या रचनाकारांचे प्रमुख होते. या प्रोसेसरमध्ये आज्ञा क्रमाबाहेर व अंदाजाने आधीच पार पाडल्या जात. अंदाज चुकल्यास त्यांचे फलित टाकून दिले जाई. वेग पुष्कळ वाढला. मात्र टाकून दिलेल्या कामाच्या खुणा जलद स्मृतीत मागे राहतात आणि त्यांवरून कार्यप्रणालीची गुप्त माहिती वाचता येते, हे जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन या त्रुटीने उघड केले. भिंत जागेवर होती, पण वेगासाठी तिची तपासणी उशिरा होत होती. उपाय म्हणून कार्यप्रणालीची स्मृती वेगळी काढावी लागली आणि सीमा ओलांडण्याचा खर्च पुन्हा वाढला.

विश्वसनीय कक्षाची तडजोड

आज बँका व रुग्णालये आपली माहिती दुसऱ्याच्या मालकीच्या संगणकांवर ठेवतात. यंत्राच्या मालकापासूनही माहिती सुरक्षित राहावी, या हेतूने इंटेलने २०१५ मध्ये एसजीएक्स ही सोय आणली. तीत स्मृतीचा एक कक्ष कूटबद्ध राहतो. त्यातील मजकूर कोणी बदलला किंवा जुना मजकूर परत ठेवला, तर तेही ओळखले जाते. या तपासणीमुळे संरक्षित स्मृती आरंभी अवघी १२८ एमबी होती व कक्षाबाहेर ये-जा महाग पडे. २०२१ च्या सर्व्हर प्रोसेसरमध्ये ही मर्यादा प्रत्येक प्रोसेसरमागे ५१२ जीबीपर्यंत वाढली; त्यासाठी जुना मजकूर ओळखणारी तपासणी मात्र सोडून देण्यात आली. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या 'बॅटरिंग रॅम' हल्ल्यात संशोधकांनी प्रोसेसर व स्मृती यांच्यामध्ये एक छोटे उपकरण बसवून नेमकी हीच उणीव वापरली.

निष्कर्ष

जे संरक्षण संथ ठरले ते वापराविना राहिले आणि जो वेग संरक्षणाला वळसा घालून मिळवला त्याची किंमत नंतर चुकवावी लागली. मल्टिक्सचे उदाहरण सांगते की, सीमा ओलांडण्याचा खर्च रचनेच्या आरंभीच विचारात घेतल्यास दोन्ही साधता येते. कोणत्या हल्ल्यापासून रक्षण करायचे आणि कोणता धोका पत्करायचा, हा निर्णय मात्र रचनाकार घेतात व त्याचे परिणाम माहितीचे धनी भोगतात. म्हणूनच सोडून दिलेल्या संरक्षणाची स्पष्ट नोंद वापरकर्त्यापर्यंत पोहोचणे, हे वेगाच्या आकड्यांइतकेच महत्त्वाचे आहे.