सैनिक कुटुंबसाहाय्य, भारतातील

सैनिक कुटुंबसाहाय्य, भारतातील : युद्धात किंवा सैनिकी सेवेत मृत्यू पावलेल्या, अपंग झालेल्या, तसेच सेवेनिमित्त घरापासून दूर असलेल्या सैनिकांची पत्नी, मुले व आईवडील यांच्या चरितार्थासाठी राज्यसंस्था, सैन्यदले व समाज यांनी केलेली तरतूद. कुटुंब-निवृत्तिवेतन, सानुग्रह अनुदान, समूहविमा, मुलांचे शिक्षण, वसतिगृहे व कायदेविषयक संरक्षण यांचा तीत समावेश होतो. भारतातील या साहाय्याचा इतिहास म्हणजे मुख्यतः राजाच्या कृपेकडून नागरिकाच्या हक्काकडे झालेली वाटचाल होय. तथापि हा हक्क कुटुंबातील नेमक्या कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर कालपरत्वे बदलत गेले आहे.

प्राचीन व मराठा काळ : कौटिलीय अर्थशास्त्रात सेवकांच्या भरणपोषणाच्या प्रकरणात राजकार्यात मृत्यू पावलेल्यांच्या पुत्रांना व पत्नींना अन्न व वेतन द्यावे, तसेच त्यांच्या कुटुंबांतील बालक, वृद्ध व आजारी यांच्यावर अनुग्रह करावा, असे सांगितले आहे. प्रत्यक्ष व्यवहाराचे अधिक नेमके वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत (सतराव्या शतकाची अखेर) आढळते. प्रतापगडच्या लढाईनंतर (१६५९) छ. शिवाजी महाराजांनी कामी आलेल्या लोकांच्या मुलांना चालविण्याची व्यवस्था केली. ज्यांना पुत्र नव्हता, त्यांच्या पत्नींना निमे वेतन बांधून दिले आणि जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रकमा दिल्या, असे त्या बखरीत म्हटले आहे. जखमेच्या प्रमाणात मदत आणि वेतनाच्या प्रमाणात वेतन, ही आधुनिक निवृत्तिवेतनाची दोन्ही तत्त्वे येथे बीजरूपाने दिसतात. मात्र पत्नीचा विचार पुत्राच्या अभावी होत असे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. पेशवाईत पडलेल्या शिपायांच्या मुलांच्या संगोपनासाठी रोख नेमणूक किंवा जमीन देण्याची पद्धत ‘बालपरवेशी’ या नावाने रूढ होती. या देणग्यांमागे दयाबुद्धी असली, तरी लढवय्यी घराणी राज्याशी बांधून ठेवणे हाही हेतू होता.

ब्रिटिश काळ : मीर जाफरने ठेवलेल्या पाच लाख रुपयांच्या देणगीतून क्लाइव्हने १७७० मध्ये एक निधी स्थापन केला. त्याचा लाभ ईस्ट इंडिया कंपनीच्या यूरोपीय सेवेतील जायबंदी अधिकारी व सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना मिळे. देशी शिपायांसाठी कंपनीने वेगळा मार्ग अवलंबिला व बिहारमध्ये भागलपूर आदी भागांत सेवेस अपात्र झालेल्या शिपायांना जमिनी देऊन वसविले.

पहिल्या महायुद्धाने (१९१४–१८) हा प्रश्न प्रथमच देशव्यापी झाला. सु. १३ लाख भारतीय सैनिक व मदतनीस भरती झाले; त्यांपैकी ७० हजारांहून अधिक मृत्यू पावले. युद्धारंभी शिपायाचे मासिक वेतन ११ रुपये होते आणि त्यातील काही भाग घरी पाठविला जाई. फ्रान्समधील आघाडीवरून पाठविलेल्या पत्रांच्या सेन्सॉर-अहवालांत पैसे घरी पोचले की नाही, जमिनीचा तंटा कोठवर आला, मुलीच्या लग्नाचे काय झाले, याविषयीची काळजी वारंवार दिसते. सैनिक गैरहजर असताना त्याच्याविरुद्ध एकतर्फी निकाल होऊ नये, म्हणून १९१८ मध्ये व पुढे १९२५ मध्ये भारतीय सैनिकांच्या दाव्यांविषयीचे कायदे करण्यात आले. रोख मदतीइतकेच हे संरक्षण शेतकरी कुटुंबांच्या दृष्टीने मोलाचे होते. अपंग सैनिकांना उद्योगशिक्षण देणारी क्वीन मेरी संस्था मुंबईत १९१७ मध्ये निघाली व नंतर ती खडकीस हलविण्यात आली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) या एकाच गावचे ४६ जण या युद्धात कामी आले. मनिऑर्डरीवर चालणाऱ्या अशा गावांत साहाय्याचा प्रश्न एकेका घराचा न राहता गावाचा होत असे. युद्धसमाप्तीनंतर १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड अस्तित्वात आले व त्याला जोडून जिल्हा मंडळे निघाली. आजच्या केंद्रीय सैनिक मंडळाचे मूळ त्यात आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ : संरक्षणमंत्र्यांच्या समितीने १९४९ च्या ऑगस्टमध्ये ७ डिसेंबर हा ध्वजदिन म्हणून पाळण्याचे ठरविले. या दिवशी छोटे ध्वज वाटून लोकांकडून निधी गोळा केला जातो. या व अशा इतर निधींचे १९९३ मध्ये एकत्रीकरण होऊन सशस्त्र सेना ध्वजदिन निधी स्थापन झाला. महाराष्ट्रात हे काम पुणे येथील सैनिक कल्याण विभाग व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये पाहतात. सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहेही चालविली जातात. सैनिकांच्या पत्नींची कल्याणकारी संघटना (आवा) १९६६ मध्ये स्थापन झाली, तर भूसेनेचा समूहविमा निधी १ जानेवारी १९७६ पासून सुरू झाला. त्यामुळे सैनिकाच्याच वर्गणीतून त्याच्या घराला संरक्षण मिळू लागले.

बांगला देशाच्या युद्धानंतर १९७२ मध्ये रणांगणावर मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांसाठी उदार कुटुंब-निवृत्तिवेतन मंजूर झाले. सध्याच्या नियमांनुसार ते अखेरच्या वेतनाइतके असते. सेवेमुळे ओढवलेल्या अन्य मृत्यूंत विशेष निवृत्तिवेतन ६० टक्के, तर सामान्य कुटुंब-निवृत्तिवेतन ३० टक्के (आरंभीच्या काही वर्षांत ५० टक्के) मिळते. परिणामी मृत्यू कोणत्या वर्गात गणला जातो, यावर विधवेचे उर्वरित आयुष्य अवलंबून असते. अशा वादांसाठी २००७ च्या कायद्यान्वये सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले असून त्याचे एक खंडपीठ मुंबईस आहे. निवृत्तिवेतन हे मालकाच्या मर्जीवरील बक्षीस नसून केलेल्या सेवेतून उत्पन्न होणारा हक्क आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात (१९८२) विस्ताराने मांडले.

कुटुंबातील हक्काचा प्रश्न : पूर्वीच्या नियमांनुसार विधवेने पुनर्विवाह केल्यास विशेष निवृत्तिवेतन सामान्यतः बंद होई, मृत पतीच्या भावाशी विवाह केल्यास मात्र ते चालू राही. पैसा घराबाहेर जाऊ नये, या विचारातून आलेल्या या अटीमुळे अनेक तरुण विधवांपुढे दिराशी विवाह किंवा निराधारपणा असे दोनच मार्ग उरत. १९९६ पासून लागू झालेल्या तरतुदींनी मुलांचा सांभाळ करणाऱ्या पुनर्विवाहितेचा हक्क मान्य केला. शौर्यपदकासोबतच्या मासिक भत्त्याला जोडलेली अशीच अट २०१७ मध्ये रद्द झाली. दुसऱ्या बाजूस वृद्ध आईवडिलांची अडचणही खरी आहे. कारगिल युद्धानंतर (१९९९) सानुग्रह रकमा मोठ्या झाल्या, तेव्हा सून व सासूसासरे यांच्यात वाद उद्भवले आणि काही राज्यांनी आपल्या अनुदानाची विभागणी पत्नी व मातापित्यांत करण्याचे नियम केले. युद्धात मृत्यू पावलेल्यांच्या मुलांच्या शिक्षणशुल्कावर २०१७ मध्ये घातलेली दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा टीकेनंतर २०१८ मध्ये मागे घेण्यात आली.

मूल्यमापन : योजनांची संख्या मोठी असली, तरी त्यांचा लाभ बऱ्याच अंशी कागदपत्रांवर अवलंबून असतो. सैनिकाच्या सेवा-अभिलेखात विवाहाची किंवा अपत्यजन्माची नोंद वेळेवर झालेली नसल्यास निवृत्तिवेतनास विलंब होतो व त्याचा भार खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीवर पडतो. २०२२ च्या अग्निपथ योजनेने नवा प्रश्न उभा केला आहे. चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरास ४८ लाख रुपयांचे विमासंरक्षण आहे आणि सेवेमुळे मृत्यू आल्यास सानुग्रह रक्कमही मिळते. परंतु त्याच्या कुटुंबास नियमित निवृत्तिवेतन नाही. एकरकमी मदत तात्कालिक अडचण भागविते. लहान मुलांच्या घराला मात्र दरमहा येणाऱ्या निश्चित रकमेचा आधार लागतो. निमे वेतन बांधून देण्यामागील जुनी दृष्टी हीच होती.